भाचा ४९ किलोचा, स्वप्न मॅनी पॅकियाओचं

प्रश्न (हर्णैहून एक वाचक): माझा भाचा सोळा वर्षांचा आहे, वजन ४९ किलो, डावखुरा. संध्याकाळी बंदरावर लिलावाच्या वेळी क्रेट उचलतो आणि रात्री मोबाईलवर मॅनी पॅकियाओच्या फाइट बघत बसतो. गेलं वर्षभर बॉक्सिंग शिकतोय. आता पुढच्या स्पर्धेत ४६ किलोत उतरायचं म्हणून जेवणच सोडलंय, ताई मला बोल लावते की मामानेच लाडावून ठेवला. एवढ्याशा अंगाने कोणी चॅम्पियन होतं का?

उत्तर: होतं की मामा! पण आधी त्याला आज रात्री पोटभर जेवायला घाला, भात, बांगडा, कुळथाची पिठी जे घरात असेल ते, मग पुढचं वाचा.

पॅकियाओ वाढला फिलिपिन्समधल्या जनरल सँटोसला, ते पण आपल्या हर्णैसारखं मासळीचं गाव, फक्त तिथे टुना. घरी गरिबी एवढी की पोरगा चौदाव्या वर्षाच्या आसपास घर सोडून मनिलाला गेला, रस्त्यावर झोपला, मिळेल ते काम केलं. जानेवारी १९९५ ला सोळाव्या वर्षी पहिली प्रो म्हणजे व्यावसायिक फाइट खेळला तेव्हा तो इतका हलका होता की काट्यावर वजन भरावं म्हणून खिशात जड वस्तू घातल्या होत्या, हे त्यानेच नंतर सांगितलंय. म्हणजे तुमच्या भाच्याच्या वयाचा आणि त्याच्याहून बारीक.

डिसेंबर १९९८ मध्ये थायलंडच्या चॅटचाय ससाकुलला नॉकआउट करून तो फ्लायवेट म्हणजे ५०.८ किलोच्या गटात डब्ल्यूबीसी ह्या संघटनेचा वर्ल्ड चॅम्पियन झाला, विशीही पुरी व्हायची होती. इथवरचं भाच्याला तोंडपाठ असणार. पण त्याला मधल्या दोन फाइट बघायला सांगा, ज्या कोणी बघत नाही. १९९६ मध्ये पॅकियाओचं वजन ठरल्यापेक्षा जास्त भरलं, शिक्षा म्हणून त्याला जड ग्लोव्ह घालून खेळावं लागलं आणि तिसऱ्या राऊंडला नॉकआउट झाला. सप्टेंबर १९९९ ला परत तेच, आता तर चॅम्पियन असताना, वजन उतरलं नाही म्हणून चॅम्पियनचा पट्टा काट्यावरच गेला आणि दुसऱ्या दिवशी मेडगोएन सिंगसुरतने पोटात असा फटका मारला की तिसऱ्या राऊंडला फाइट संपली. सुरुवातीच्या दोन्ही हारी वजनाच्या भानगडीतल्या, दोन्ही तिसऱ्या राऊंडच्या. वाढत्या वयाचं अंग होतं ते, त्याला छोट्या गटात कोंबत होते.

मग त्याने काय केलं तर मधले दोन गट सोडून सरळ ५५.३ किलोच्या सुपर बँटमवेटला गेला, जेवून खाऊन. आणि जून २००१ मध्ये अवघ्या दोन आठवड्यांच्या नोटिशीवर लास वेगासला जाऊन लेहलोहोनोलो लेडवाबाला सहाव्या राऊंडला थांबवून तिथला पण चॅम्पियन झाला. हेच मला सांगायचंय, तो मोठा झाला वजन वाढू दिल्यावर, उपाशी राहून नाही.

हे मी एवढं तळमळून लिहितोय कारण मी ते भोगलंय. एकोणीस वर्षांचा होतो, जिल्ह्याची स्पर्धा, दीड किलो जास्त. माझ्या तेव्हाच्या कोचनी मे महिन्यात अंगावर प्लॅस्टिकचा रेनकोट घालून भाट्याच्या वाळूत पळायला लावलं, आदल्या दिवसापासून पाणी बंद, नुसतं डब्यात थुंकत बसायचं. वजन बसलं, २०० ग्रॅम कमीच भरलं, सगळे खूश. दुसऱ्या राऊंडला माझे पाय माझे राहिले नाहीत, समोरच्याचा खांदा हलला एवढं दिसलं, हात आलेला दिसलाच नाही. शुद्धीवर आलो तर जीभ टाळूला चिकटलेली आणि कोणीतरी तोंडावर पाणी मारत होतं, मी ते पाणी चाटत होतो. कोच नंतर सगळ्यांना सांगत सुटले की पोरगा कच्चा आहे. पाणी तोडून वजन उतरवलं की दम जातो, पाय जातात, आणि डोक्याला लागलेला मार जास्त महागात पडतो. सोळा वर्षांच्या पोराचं तीन किलो वजन उतरवायला सांगणारा कोच असेल तर त्याला मामा म्हणून तुम्ही जाऊन भेटा. ५० किलोचा गट आहे ना त्याच्या वयात? मग तिथे खेळू दे, हरला तरी चालेल.

डावखुरा आहे ते बरंच आहे. बॉक्सिंगमध्ये त्याला साउथपॉ म्हणतात, उजवा पाय पुढे, उजव्या हाताने जॅब म्हणजे झटपट सरळ ठोसा, डावा हात मागे राखलेला. समोरची पोरं रोज उजव्यांशीच प्रॅक्टिस करतात म्हणून गोंधळतात. पुढचा पाय समोरच्याच्या पुढच्या पायाच्या बाहेर पडला पाहिजे, मग डावा हात सरळ मधून जातो. पण नुसत्या डाव्यावर राहू नको म्हणावं. पॅकियाओ सुरुवातीला तसाच होता, मार्च २००५ मध्ये एरिक मोरालेसने त्याला हरवलं, मग कोच फ्रेडी रोचने त्याचा उजवा हात घडवला, आणि २००६ मध्ये त्याच मोरालेसला दोनदा नॉकआउट केलं.

प्रश्न (मालवणहून): दादा, पॅकियाओक आठ गटात चॅम्पियन म्हणतत, त्याचा नेमका गणित काय ता समजावन सांगा.

उत्तर: प्रो बॉक्सिंगमध्ये पट्टे देणाऱ्या मोठ्या संघटना चार, डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ आणि डब्ल्यूबीओ, त्यामुळे एकाच गटात एका वेळी चार चॅम्पियन असू शकतात आणि नवीन माणूस चक्रावतोच. पॅकियाओने फ्लाय, सुपर बँटम, सुपर फेदर, लाइट, वेल्टर आणि सुपर वेल्टर ह्या सहा वजनगटात ह्या चारपैकी कोणाचा तरी पट्टा घेतलाय. फेदर आणि लाइट वेल्टर ह्या दोन गटात मात्र ‘द रिंग’ मासिकाचा पट्टा धरतात, जो आधीच्या खऱ्या चॅम्पियनला हरवून मिळतो (फेदरला २००३ मध्ये बरेरा, लाइट वेल्टरला २००९ मध्ये हॅटन). काही लोक म्हणून सहाच मोजतात. माझ्या मते बरेरा आणि हॅटनला हरवणं कुठल्याही पट्ट्यापेक्षा मोठं, त्यामुळे मी आठ म्हणतो. आठवा गट त्याने नोव्हेंबर २०१० ला मार्गारितोविरुद्ध जिंकला, मार्गारितो उंच, जड, आणि शेवटी त्याचा डोळा इतका सुजला होता की पॅकियाओ मारता मारता रेफरीकडे बघत होता, थांबवा म्हणून. ती फाइट मी त्यासाठी परत परत बघतो.

प्रश्न (वेंगुर्ल्याहून एक आई): मुलगी बॉक्सिंगचा हट्ट धरून बसलीय. मला तो मार बघवत नाही. पाठवू का?

उत्तर: पाठवा ताई, पण चौकशी करून. ती खेळेल ते अमॅच्युअर म्हणजे हौशी, तीन छोटे राऊंड, डोक्याला हेडगार्ड, डॉक्टर बाजूला. तुम्ही टीव्हीवर बघता ते प्रो, त्यात पुरुषांचं वर्ल्ड टायटल बारा राऊंडचं असतं, एकेक राऊंड तीन मिनिटांचा. पूर्वी पंधरा असायचे, नोव्हेंबर १९८२ मध्ये कोरियाचा किम डुक-कू फाइटनंतर काही दिवसांनी गेला तेव्हापासून डब्ल्यूबीसीने बारावर आणले आणि हळूहळू बाकीच्यांनीही.

भीती खोटी नाही तुमची. ८ डिसेंबर २०१२ ला मेक्सिकोच्या मार्केझने पॅकियाओला सहाव्या राऊंडच्या अगदी शेवटच्या सेकंदाला उजव्या हाताने असा मारला की तो तोंडावर पडला आणि हललाच नाही, रिंगजवळ त्याची बायको रडत होती, मी घरात उभा राहिलो होतो, काय करावं कळेना. पण त्यानंतर तो जवळजवळ साडेअकरा महिने रिंगमध्ये उतरला नाही, नोव्हेंबर २०१३ ला मकाऊला खेळला. म्हणूनच २०१९ मध्ये चाळिसाव्या वर्षी अमेरिकेच्या थर्मनला हरवण्याइतका तो शाबूत राहिला असं मला वाटतं. तेव्हा क्लासला गेलात की फी विचारण्याआधी कोचला हे विचारा, पोरीच्या डोक्याला जोरात लागलं, चक्कर आली, तर तुम्ही तिला स्पारिंगला म्हणजे सरावाच्या लढतीला परत कधी उभी करता? “डॉक्टर सांगेपर्यंत नाही” म्हणाला तर नाव घाला. “दोन दिवसांनी” म्हणाला तर दुसरा क्लास बघा.