धर्मावर हसवणारा, पण कोणाची टिंगल न करणारा हिंदी सिनेमा कोणता? सोलापुरात घरच्यांसोबत आणि शेजाऱ्यांसोबत पाहायचा आहे.

माझ्या मते ‘धरम संकट में’ (2015) पाहावा. अहमदाबादचा, मुसलमानांविषयी मनात अढी असलेला धर्मपाल (परेश रावल) आईच्या निधनानंतर बँकेच्या लॉकरमधील कागद चाळतो, आणि आपण दत्तक असून जन्माने मुसलमान आहोत हे त्याला कळते. ही मूळ कल्पना ‘द इन्फिडेल’ (2010) या ब्रिटिश चित्रपटाची. तिथे नायक मुसलमान असतो आणि जन्माने यहुदी निघतो.

खरी गंमत आहे ती शिकवणीत. जन्मदात्याला भेटायचे तर आधी मुसलमानी रीतिरिवाज अंगवळणी पडले पाहिजेत, म्हणून तो आजवर ज्याच्याशी भांडत आला त्या शेजारच्या वकिलाकडेच (अन्नू कपूर) शिकायला जातो, आणि त्याच वेळी मुलाच्या लग्नासाठी बाबाभक्त व्याह्यापुढे त्याला कट्टर हिंदू असल्याचे सोंगही वठवावे लागते. दोन्हीकडची त्याची तारांबळ पाहताना आपण माणसाला हसतो, धर्माला नाही. शेवट मात्र मला सोपा वाटला, कारण सगळे खापर एका भोंदूवर फोडून पटकथा अवघड प्रश्नातून अलगद सुटते.

ज्या शहरात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या 1931 साली एकाच दिवशी फासावर गेलेल्या हुतात्म्यांची नावे एका दमात घेतली जातात, तिथे हा विषय परका वाटू नये. शेजाऱ्यांना बोलवाच, वकिलाचे टोमणे ऐकायला दखनी (दक्षिणेकडची उर्दू) बोलणारे कोणी सोबत असले तर मजा वाढेल.