दुसऱ्याच्या नावाने ब्लॉग लिहून देताना

लिहायला बसण्याआधी क्लायंटशी अर्धा तास फोनवर बोला, आणि विचारून कॉल रेकॉर्ड करा. लेख त्याच्या नावाने जाणार, तेव्हा त्याचेच शब्द हवेत. नागपूरच्या कळमना बाजारातला संत्र्याचा व्यापारी आंबिया आणि मृग असे दोन बहार वेगळे सांगतो. तुम्ही नुसतं ‘संत्र्याचा हंगाम’ असं गुळमुळीत लिहिलं, की त्याचं गिऱ्हाईक पहिल्याच परिच्छेदात ओळखतं की हे शेठजींचं नाही. आंबियाची फळं साधारण ऑक्टोबरपासून बाजारात येतात, मृगाची फेब्रुवारी-मार्चमध्ये. लेख कधी टाकायचा तेही यावरच ठरतं, म्हणून मजकूर महिनाभर आधी तयार ठेवा.

दर शब्दावर नको, लेखावर सांगा. फोन आणि शोधाशोध शब्दसंख्येत दिसत नाही. कोटेशनमध्येच लिहा: दुरुस्तीच्या दोन फेऱ्या, तिसरीचे वेगळे पैसे. ही ओळ नसली की ‘जरासं बदलून द्या ना’ संपतच नाही. नव्या क्लायंटकडून ५० टक्के आगाऊ घ्याच.

१९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार फ्रीलान्सरच्या लेखाचा पहिला मालक सहसा तो स्वतःच असतो आणि हक्क लेखी द्यावे लागतात. म्हणून करारात ‘पूर्ण रक्कम मिळाल्यावर हक्क क्लायंटचे’ असं घाला. लेख नमुना म्हणून दाखवायची परवानगीही तेव्हाच मागा. नंतर कोणी देत नाही.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान व्यवसायांची सरकारी नोंदणी, मोफत होते, ती करून नंबर बिलावर टाका. नोंदणी असली की करारातही पैशांची मुदत ४५ दिवसांपुढे नेता येत नाही. क्लायंटने तुमच्या पैशांतून टीडीएस, म्हणजे आयकर, आधीच कापला असेल, तर तो आयकर खात्याच्या वेबसाइटवर तुमच्या नावावर दिसतो का, ते दर तिमाहीला बघा.