व्हीलचेअरच्या ईमेलची वाट बघत बसू नका (ग्लासगो, पाइप बँड)

तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवेना. एबर्डीनहून ऑगस्टमधे ग्लासगोला वर्ल्ड पाइप बँड चँपियनशिप्सला (बॅगपाइप आणि ड्रम वाजवणाऱ्या बँडच्या जागतिक स्पर्धेला) जायचंय, लेक सात वर्षांची, धाकटा तीनचा, नाशिकहून आलेल्या सासऱ्यांना गुडघ्यामुळे दोनशे पावलांच्या पुढे चालवत नाही, आणि व्हीलचेअरसाठी एका ठिकाणी ईमेल टाकून तुम्ही तीन आठवडे उत्तराची वाट बघताय. त्या शेवटच्या ओळीपाशी मी थबकले, कारण २०१९ ला मी अगदी हेच केलं होतं.

तिकिटं, खाणं, रेनकोट हे सगळं तुम्ही बघालच, त्यात मी पडत नाही.

आमचे अण्णा, म्हणजे माझे वडील, बेळगावचे. लहानपणी घर कॅम्पाजवळ, त्यामुळे मराठा लाइट इन्फंट्रीच्या सेंटरमधला बँड सरावाला बसला की आवाज घरात यायचा. हे वाद्य मूळ स्कॉटलंडचं हे त्यांना बरंच नंतर कळलं, तोवर त्यांच्या लेखी पाइप म्हणजे बेळगावचाच. ते आमच्याकडे एडिंबराला आले तेव्हा किल्लाबिल्ला बघायची त्यांना काही घाई नव्हती, पहिल्या आठवड्यातच विचारलं की ती मोठी स्पर्धा कधी असते. म्हणून त्या एका दिवसाचं मला इतकं होतं.

आता मी व्हीलचेअरसाठी ज्या ऑफिसला लिहिलं त्याबद्दल. नाव लिहीत नाही, आणि स्पर्धा भरवणाऱ्यांचा ह्यात काडीचाही दोष नाही, हे ऑफिसच वेगळं. त्यांच्या साइटवर लिहिलेलं की थोड्या दिवसांसाठी व्हीलचेअर मिळते. मी पाच आठवडे आधी ईमेल केला. मला वाटलं विमानतळासारखं असेल, तिथे एअरलाइनला नुसतं सांगितलं होतं तर मुंबईला आणि इथे उतरल्यावरही खुर्ची दारात हजर होती, कुणी कागद विचारला नाही. ह्या ऑफिसने आधी जीपीचं (इथल्या नेहमीच्या डॉक्टरांचं) पत्र मागितलं. अण्णा व्हिजिटर व्हिसावर, त्यांचा इथे जीपी कुठला? बेळगावच्या हाडांच्या डॉक्टरांचं पत्र आणि एक्सरेचा रिपोर्ट पाठवला. मग म्हणाले ब्लू बॅज (अपंगांसाठीचा पार्किंग परवाना) किंवा सरकारी भत्त्याचं पत्र द्या. ते दोन्ही इथे राहणाऱ्यांनाच मिळतं, पाहुण्या माणसाकडे असणारच नाही, हे मी नीट समजावून लिहिलं. त्यावर उत्तर आलं की तुमचं प्रकरण दुसऱ्या विभागाकडे दिलंय, कामकाजाचे दहा दिवस लागतील. दुसऱ्या विभागाने तोच फॉर्म पुन्हा भरायला लावला आणि त्यात नॅशनल इन्शुरन्स नंबरचा (इथल्या रहिवाशांच्या सरकारी नंबरचा) रकाना भरल्याशिवाय फॉर्म पुढेच जात नव्हता. मी फोन केला, चाळीस मिनिटं होल्डवर, पलीकडून सांगितलं ईमेलच करा. आणि स्पर्धा शनिवारी, तर गुरुवारी संध्याकाळी मेल आला, अर्ज अपूर्ण असल्याने बंद करण्यात आला आहे.

त्यांनी नाही म्हटलं ह्याचा मला आजही तेवढा राग नाही. पहिल्या आठवड्यात स्पष्ट नाही म्हटलं असतं तर मी दुसरीकडे हातपाय हलवले असते. आणि चूक माझीही आहेच, मोठी चूक, हो म्हणतील ह्या भरवशावर मी पाच आठवड्यांत दुसरीकडे एक फोनसुद्धा केला नाही. शुक्रवारी पावसात धावपळ केली तेव्हा कुठेच शिल्लक नव्हती, त्या आठवड्यात शहरात पायपिंग लाइव्हचा महोत्सव चालू असतो, गर्दी असतेच.

तरी गेलो. टॅक्सीने सॉल्टमार्केटच्या बाजूला, त्या मोठ्या दगडी कमानीपाशी सोडलं. ग्लासगो ग्रीन हे नकाशावर बागेएवढं दिसतं पण ते चांगलं अवाढव्य मैदान आहे, आणि आदल्या दिवशीच्या पावसाने गवत भिजून गेलेलं. अण्णा पहिल्या बाकापर्यंत आले आणि बसले. गुडघा सुजायला लागला होता. अकरापासून तीनपर्यंत ते त्याच बाकावर होते. नवरा मुलांना घेऊन आत फिरत होता, मी अण्णांजवळ. लांबून झाडांच्या मागून पाइप ऐकू यायचे, दिसायचं काहीच नाही. ते काठीवर बोटाने ठेका धरून ऐकत होते, मधेच म्हणाले, हा अजून वाजवत नाहीये, सूर लावतोय. आणि तू जाऊन ये, मी बसतो इथे, हे चार वेळा म्हणाले. ते मला फार लागलं. सात समुद्र ओलांडून आलेला माणूस आणि अडीचशे मीटरसाठी अडला.

मग २०२० आणि २०२१ ला स्पर्धा झालीच नाही. अण्णा परत आले २०२२ ला. त्या वेळी मी कुठेच अर्ज केला नाही, ब्रिटिश रेड क्रॉस तेव्हा थोड्या दिवसांसाठी खुर्ची भाड्याने द्यायची, तिथून घेतली, महिनाभर आधी ठरवून. तुम्ही आजच तुमच्या भागात खुर्ची भाड्याने देणारं ठिकाण बघा, फोन करा. ते नसेल तर सरळ सेकंडहँड फोल्डिंग खुर्ची विकत घ्या. माझं मत स्पष्ट आहे, पाहुण्या आईवडिलांसाठी जिथे पुरावा मागतात त्या दारात उभंच राहू नका, पैसे देऊन जे मिळतं ते घ्या आणि मोकळे व्हा. (हे आमच्या वेळचं सांगतेय हं, नियम आणि भाडी बदलतात, स्वतः खात्री करून घ्या.)

खुर्ची घेताना मागची चाकं मोठी असलेलीच घ्या. ती छोट्या चार चाकांची हलकी खुर्ची गाडीच्या डिकीत छान बसते पण ओल्या गवतात रुतते. मऊ जमीन आली की ढकलू नका, खुर्ची उलटी फिरवून मागे ओढत न्या, सोपं जातं.

रेल्वेसाठी मात्र पॅसेंजर असिस्ट (गाडीत चढा-उतरायला मदत) आधी बुक करा, तिथे कसलाही पुरावा लागत नाही, माणूस रॅम्प घेऊन डब्यापाशी येतो. आणि बसचं लक्षात ठेवा, स्कॉटलंडमधे साठीच्या पुढच्यांना बस फुकट आहे म्हणून सासऱ्यांनाही असेल असं गृहीत धरू नका, ते इथल्या रहिवाशांसाठी आहे. तुमच्या लेकीला मिळेल, ५ ते २१ वयाला कार्डावर बस फुकट आहे, पण फक्त बस, ट्रेन नाही.

आता मैदानावर काय करायचं. बहुतेक लोक ग्रँडस्टँडचं तिकीट काढून ग्रेड वनच्या (सगळ्यात वरच्या गटाच्या) रिंगणासमोर बसतात. खऱ्या दर्दी लोकांचं म्हणणं वेगळं असू शकेल, पण दोन मुलं आणि एक म्हातारं माणूस बरोबर असताना मी ते करणार नाही. तिथे पायऱ्या, आणि मुलांना तासभर जागेवर बसवायचं. त्याऐवजी बँड जिथे सूर लावतात तिथे जा, झाडांखाली. आम्ही अण्णांची खुर्ची एका बँडपासून सात-आठ फुटांवर नेऊन लावली, कुणीही हटकलं नाही. वीस-बावीस पाइपर गोल करून उभे, पाइप मेजर (बँडचा प्रमुख) एकेकासमोर जाऊन कान देऊन ऐकतो आणि खांद्यावरच्या ड्रोनचा (एकच सूर धरून ठेवणाऱ्या नळीचा) वरचा भाग किंचित फिरवतो, वर, खाली, परत थोडा वर. प्रत्येकाला तीन ड्रोन, दोन टेनर आणि एक बेस, म्हणजे साठ-सत्तर नळ्या एका सुरात यायच्या. खालच्या चँटरवर (बोटांनी वाजवायच्या नळीवर) स्वर फक्त नऊ, एखादा स्वर हलला तर भोकाच्या कडेला चिकटपट्टीचा तुकडा सरकवतात. अण्णा म्हणाले, तानपुरा लावतात तसंच, फक्त इथे वीस जणांचा एक तानपुरा. आणि एका क्षणी तो सगळा गुंजारव खरंच एक होतो, छातीत जाणवतो. मी वळून बघितलं तर अण्णांनी काठी मांडीवर आडवी ठेवली होती आणि डोळे मिटले होते.

मग तोच बँड रिंगणात जातो, त्याच्या मागे मागे तुम्हीही जा. गोल करून उभे राहतात, परीक्षक बाहेरून फिरत कागदावर लिहीत असतात. ग्रेड वनचा मेडले (सलग जोडून वाजवलेल्या धुना) जास्तीत जास्त सात मिनिटांचा, तेवढ्यासाठी लोक कॅनडा, न्यूझीलंडहून येतात. १९८७ मधे कॅनडाच्या बँडने ग्रेड वन जिंकलं तेव्हा ब्रिटनबाहेरचा बँड पहिल्यांदा जिंकला. सासऱ्यांना हे आधी सांगून ठेवा, ऐकायला वेगळीच मजा येते.

लेकीला टेनर ड्रमवाले दाखवा, ते गोंडेदार काठ्या हवेत गरगर फिरवतात, आमची मुलगी दिवसभर दोन चमचे घेऊन तेच करत होती. धाकट्यासाठी कानावर लावायचे इअर डिफेंडर घ्याच, पाइपपेक्षा साइड ड्रम कडक असतात आणि जवळून कानात घुसतात. छत्री नको, पाँचो, छत्रीने मागच्यांना दिसत नाही.

निकालाच्या वेळी सगळे बँड एकत्र मैदानात येतात, ते दृश्य मोठं आहे, पण खूप लांबतं आणि तुम्हाला पुढे एबर्डीनपर्यंत अडीच-तीन तासांची ट्रेन आहे. सासरे थकलेले दिसले तर थांबू नका, निकाल फोनवर कळतो.

त्या ऑफिसला आणखी एक रिमाइंडर पाठवायच्या आधी खुर्चीसाठी फोन करा. मिळाली की इथे लिहा, नाही मिळाली तरी लिहा, आता आमची स्वतःची खुर्ची आहे, माळ्यावर पडून आहे, एडिंबराहून तुमच्यापर्यंत पोचवायचं काहीतरी बघू.