कोरोनाची लाट चालू असंल तर वडिलांची पुढं ढकललेली बायपास तेव्हाच करून घ्यावी का?

घ्या, पण आधी डॉक्टरला सरळ विचारा की ब्लॉकेज नेमकं कुठंय. डाव्या मुख्य नसेत असलं, किंवा बसल्या बसल्याच छातीत दुखायलं असंल, तर लाट ओसरायची वाट बघण्यात अर्थ नाही. जिना चढल्यावरच दुखतं अन् गोळीनं थांबतं, असं असलं तर डॉक्टर थोडं थांबू देतात.

वडिलांना मधे कोरोना होऊन गेला असंल तर तारीख लपवू नका (लाटेत लोक लपवायचे, ऑपरेशन पुढं जाईल म्हणून), कारण लागण झाल्यापासून ७ आठवड्यांच्या आत ऑपरेशन केलं तर जिवाचा धोका वाढतो हे २०२१ च्या मोठ्या अभ्यासात दिसलंय.

दवाखान्यानं सांगितली तर आरटीपीसीआर (कोरोनाची टेस्ट) ऑपरेशनच्या दोन-तीन दिवस आधी करा अन् मग वडिलांना घरातच ठेवा, भेटायला कुणी नको. परभणी-जालन्याहून औरंगाबादला (आताचं छत्रपती संभाजीनगर) जाताना सगळा गोतावळा गाडीत कोंबू नका, सोबत एकच माणूस, त्याचीबी टेस्ट. दवाखान्यात एक नक्की विचारा, हार्टचा आयसीयू कोरोना वॉर्डापासून वेगळाय का अन् नर्स तिकडच्याच इकडं येतात का. कोरोनाच्या लाटेत रक्तदान शिबिरं कमी झाली होती, म्हणून रक्तपेढीत आधीच बोलून ठेवा.