व्हॅन्कोमायसिनच्या सलाईनने आईचं अंग लाल झालं, औषध बंद करायला सांगू का?

नाही, लगेच बंद करायला सांगू नका. आणि फाईलवर 'व्हॅन्कोमायसिनची अ‍ॅलर्जी' असं कुणी लिहायच्या आधी एवढं नक्की विचारा की तो डोस किती वेळात गेला होता.

तुम्ही लिहिलंय की आईंचं वय ६२, शुगर आहे, पायाच्या जखमेच्या कल्चरमध्ये एमआरएसए (नेहमीच्या बऱ्याच अँटिबायोटिक्सना दाद न देणारा जंतू) निघाला म्हणून हे अँटिबायोटिक सुरू झालं, दुसऱ्या डोसला सलाईन अर्धं जायच्या आत मान, तोंड, छाती लाल झाली, खाज सुटली, सिस्टरनी सलाईन थांबवून एव्हिल (खाज आणि लाली उतरवणारं औषध) दिलं आणि तासाभरात सगळं उतरलं. आणि आता घरातले म्हणतायत हे औषध किडनी घालवतं, बदलून घ्या. मी स्टाफ नर्स आहे, चौदा वर्षं झाली, त्यातली बरीचशी आयसीयूत. डॉक्टर नाही, डोस ठरवणं त्यांचं काम, पण बाटलीतलं औषध शिरेत कसं जातं ते बघणं आमचं काम आहे, आणि या औषधाच्या बाबतीत फार मोठी गोष्ट तिथेच ठरते.

तुम्ही सांगताय त्यावरून आईंना झालं ते बहुतेक वेगामुळे झालेलं आहे. हे औषध भरभर शिरेत गेलं की अंगातल्या काही पेशींमधून हिस्टामिन एकदम सुटतं, अंगावर पित्त उठल्यावर जशी लाली आणि खाज येते तसंच होतं, फक्त मान, तोंड आणि छातीवर जास्त. पहिल्याच डोसलाही होऊ शकतं. सलाईन थांबवलं, एव्हिल किंवा सेट्रिझिन दिलं की उतरतं आणि पुढचा डोस निम्म्या वेगाने लावला तर बहुतेकांना परत काही होत नाही. पण श्वासाला घरघर लागली, ओठ किंवा जीभ सुजली, गळा आवळल्यासारखा वाटला, चक्कर येऊन बीपी पडलं, तर ती वेगळी गोष्ट, तिथे खरी अ‍ॅलर्जी असू शकते आणि डॉक्टरांनी नीट तपासल्याशिवाय पुन्हा द्यायचं नाही. यातलं काही झालं होतं का ते आठवून डॉक्टरांना सांगा, लपवू नका आणि वाढवूनही सांगू नका.

आता वेग म्हणजे किती ते सांगते. १ ग्रॅमच्या डोसला कमीत कमी ६० मिनिटं, शक्यतो मिनिटाला १० मिलिग्रॅमच्या आसपास म्हणजे १०० मिनिटं, आणि लाली आली असेल तर त्याहून हळू. दीड ग्रॅम असेल तर कमीत कमी दीड तास, २ ग्रॅमला कमीत कमी दोन तास. पावडरची बाटली आधी पाण्यात विरघळवतात आणि मग मोठ्या सलाईनमध्ये टाकतात, १ ग्रॅमला निदान २०० मिली तरी पाहिजे, आम्ही २५० मिलीची एनएसची, म्हणजे साध्या मिठाच्या सलाईनची, बाटली घेतो. १०० च्या छोट्या बाटलीत घातलं की औषध घट्ट राहतं, शीर जळते आणि बाटली छोटी म्हणून ती लवकर संपवायचा मोह होतो. सलाईनचा वेग मशीनने ठरवणारा पंप असेल तर प्रश्नच नाही, पण जनरल वॉर्डात पंप कुठून येणार, तिथे थेंबच मोजायचे. आपल्याकडच्या साध्या सेटला २० थेंबांचा १ मिली होतो, म्हणजे २५० मिली दीड तासात जायला मिनिटाला साधारण ५५ थेंब, म्हणजे पंधरा सेकंदात १४. मोबाईलवर सेकंद लावून त्या छोट्या नळकांड्याकडे बघत बसा, मोजता येतं कुणालाही. पेशंटने हात वाकवला किंवा उठून बसला की वेग बदलतो म्हणून एकदा मोजून पुरत नाही, अधूनमधून बघावं लागतं. वेग जास्त वाटला तर सिस्टरना हाक मारा, नळीवरच्या वेग कमीजास्त करायच्या चाकाला स्वतः हात लावू नका.

हे शेवटचं मी का सांगतेय तर नोकरीच्या दुसऱ्या वर्षातली एक रात्र अजून डोळ्यासमोर आहे. अपघातात पाय मोडलेला बावीस तेवीस वर्षांचा मुलगा, रॉड घातलेला, जखम चिघळलेली. मी रात्री दहाचा डोस लावला, थेंब मोजले आणि दुसऱ्या पेशंटकडे गेले. त्याचे मामा शेजारी बसलेले, त्यांना वाटलं सलाईन फारच हळू चाललंय, पोराला झोपू दे एकदाचं, म्हणून त्यांनी चाक फिरवलं. मी वीसेक मिनिटांनी आले तर बाटली जवळजवळ रिकामी आणि मुलगा कानापासून बेंबीपर्यंत लालबुंद, अंग खाजवतोय, बीपी ८० वर. बंद केलं, पाय वर केले, साधं सलाईन सुरू केलं, डॉक्टर धावत आले, अर्ध्या तासात सावरला. मामा रडत होते. त्यांना काय बोलणार, चूक माझी होती, चाकाला हात लावू नका हे मी सांगितलंच नव्हतं आणि बाटलीवर सुरू केल्याची आणि संपायची वेळही लिहिली नव्हती. त्याहून वाईट म्हणजे डिस्चार्ज कार्डवर 'अ‍ॅलर्जी' एवढंच लिहिलं गेलं. काही महिन्यांनी तो परत अ‍ॅडमिट झाला तेव्हा कार्ड बघून सगळे या औषधापासून लांब राहिले. मी त्या रात्री काय झालं होतं ते डॉक्टरांना सांगितलं, मग हळू लावून बघायचं ठरलं, मी खुर्ची घेऊन दोन तास त्याच्याजवळ बसले आणि काहीसुद्धा झालं नाही. तेव्हापासून बाटलीला चिकटपट्टी लावून वेळ लिहिल्याशिवाय मी हे औषध सुरू करत नाही.

किडनीचं म्हणाल तर भीती खोटी नाहीये, पण 'किडनी घालवतं' हे अर्धवट ऐकलेलं आहे. बोर्निओच्या जंगलातल्या मातीतल्या एका जंतूपासून हे औषध मिळालं, १९५८ पासून अमेरिकेत वापरात आलं, तेव्हाचा माल इतका अशुद्ध आणि तपकिरी असायचा की त्याला 'मिसिसिपीचा चिखल' म्हणायचे, त्या काळापासून याचं नाव खराब झालंय. आताचं औषध खूपच शुद्ध असतं, तरी डोस जास्त झाला, बरेच दिवस चाललं किंवा सोबत किडनीला त्रास देणारं दुसरं काही असलं की क्रिएटिनिन (किडनीचं काम रक्तातून कळतं तो आकडा) वाढतं. जेंटामायसिन, अमिकासिन, पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम ही अँटिबायोटिक्स, लघवीचं लॅसिक्स, सीटीसाठी टोचतात ते कॉन्ट्रास्ट, आणि आपल्याकडे सर्रास घेतात ती दुखण्याची गोळी किंवा डायक्लोचं इंजेक्शन, यातलं आईंना काय काय चालू आहे ते डॉक्टरांना विचारा. घरून आणलेली पेनकिलर किंवा कुणी दिलेला काढा सिस्टरना न सांगता देऊ नका, एवढं हात जोडून सांगते.

डोस वजनावर असतो, साधारण किलोला १५ ते २० मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला एका वेळी साधारण १ ग्रॅम, आणि किती तासांनी द्यायचा ते किडनी कशी चालतेय त्यावर ठरतं. पायाला जखम असलेल्या पेशंटला काट्यावर उभं करणं अवघड म्हणून वजन अंदाजाने लिहिलेलं असतं, ते बरोबर आहे का बघा. क्रिएटिनिन औषध सुरू व्हायच्या आधी किती होतं तो आकडा तुमच्या वहीत लिहून ठेवा. रिपोर्टवर १.२ आलं तर लॅबच्या रेंजमध्ये आहे म्हणून सगळे निश्चिंत होतात, पण आधी ०.७ असेल तर ती मोठी वाढ आहे आणि डॉक्टरांच्या नजरेला आणून दिलीच पाहिजे. लघवी मोजत असतील तर ६० किलोला तासाला ३० मिलीच्या खाली जायला नको.

आणि औषधाची रक्तातली लेव्हल. जास्त दिवस औषध चालणार असेल, शुगर असेल, किडनी थोडी जरी कमी असेल तर लेव्हल करणार का हे विचारा. सगळीकडे ती होत नाही, बाहेर पाठवावी लागते, पण होत असेल तर रक्त कधी काढलं हे सगळ्यात महत्त्वाचं. नेहमीची पद्धत म्हणजे चौथ्या डोसच्या अगदी आधी, अर्ध्या तासाच्या आत. आता बऱ्याच ठिकाणी दोन वेळा रक्त काढून दिवसभरात अंगात किती औषध राहिलं याचा हिशोब करतात, तो जास्त चांगला. पण ज्या सुईतून औषध जातंय तिथूनच रक्त काढलं किंवा डोस सुरू झाल्यावर काढलं तर लेव्हल खोटीच वर येते आणि डॉक्टर विनाकारण डोस कमी करतात. असं होताना मी पाहिलंय. वेळ तुम्हीही टिपून ठेवा.

सुईच्या जागी आग, सूज, लाल रेघ दिसली तर लगेच सांगा, औषध शिरेबाहेर गेलं तर कातडी खराब होते. सेफ्ट्रायॅक्सोनसारखं दुसरं इंजेक्शन त्याच नळीतून लागोपाठ देत असतील तर मध्ये साध्या सलाईनने नळी धुतली पाहिजे, नाहीतर आत गाळ धरतो. कानात आवाज येतोय असं आई म्हणाल्या तर वयामुळे असेल म्हणून सोडू नका.

पायाच्या हाडापर्यंत इन्फेक्शन गेलं असेल तर औषध सहा आठवडेही चालू शकतं आणि मग घरी नेऊन द्या असं सांगतात. अशा वेळी गावातल्या दवाखान्यात कुणी 'दहा मिनिटांत टोचून देतो' म्हटलं तर सरळ नाही म्हणा, झटक्यात दिल्याने बीपी पडून हृदय बंद पडू शकतं. हे स्नायूत टोचायचंही औषध नाही. आणि याच्या कॅप्सूल मिळतात म्हणून 'गोळ्याच द्या ना' असं बरेच जण म्हणतात, त्या आतड्यातल्या एका इन्फेक्शनसाठी असतात, रक्तात जवळजवळ जात नाहीत, पायाला काही उपयोग नाही. घरी औषध चालू असेपर्यंत दर आठवड्याला सीबीसी आणि क्रिएटिनिन करायचंच, बरेच दिवस चाललं की पांढऱ्या पेशीही कमी होऊ शकतात.

आज रात्रीचा डोस द्यायचं डॉक्टरांनी ठरवलं असेल तर लावायच्या आधीच सिस्टरना सांगा की मागच्या वेळी लाल झालं होतं, दोन तासांत द्याल का आणि आधी एव्हिल द्यायचं का ते डॉक्टरांना विचाराल का. रागावणार नाहीत, उलट बरंच वाटेल त्यांना. मग २५० मिलीला मिनिटाला ४२ थेंब, पहिली पंधरा मिनिटं आईंच्या मानेकडे लक्ष ठेवा आणि बेल हाताशी असू द्या.