भिंतीतल्या तारेचे पैसे दुसऱ्यांदा का भरता?

काका, नमस्कार. तुमचं पत्र थोडक्यात असं: इंदूरला लोकमान्यनगरात दुमजली घर, चार खोल्यांत लँडलाइनचे सॉकेट, ८४ वर्षांच्या आई आणि तुमची पेन्शन. लँडलाइनचे महिना २४० आणि डोंगलच्या रिचार्जचे ३००, असे ५४० जातात. गल्लीतला केबलवाला ४९९च्या फायबर प्लॅनमध्ये फोन फुकट देतोय, पण घरभर नवी तार आणि तीन हँडसेटचा कॉर्डलेस यांचे ८,४०० मागतोय. वर्षाचे पैसे एकदम भरले तर तेरावा महिना मोफत. घ्यावं का?

फायबर घ्या. ८,४०० देऊ नका.

४९९वर १८ टक्के जीएसटी धरला की ५८९ होतात. म्हणजे आजच्यापेक्षा महिन्याला ४९ जास्त. एवढ्यासाठी मी कोणाला अडवत नाही. पण ८,४०० म्हणजे चौदा महिन्यांचं बिल झालं, आणि तेही जी तार तुमच्या भिंतीत आधीच आहे तिच्यासाठी.

फायबर भिंतीवरच्या एका डब्यात येऊन थांबतो. त्या डब्याला फोनचं एक छोटं पोर्ट असतं. तिथून फोनची साधी वायर जवळच्या सॉकेटात घातली की टोन उलट्या दिशेने घरभर जातो, कारण जुन्या घरांत सगळे सॉकेट बहुधा दोन तारांच्या एकाच जोडीवर असतात. मात्र त्याआधी बाहेरून येणारी जुनी जोडी सुटी करून टेप लावायचीच. एक्स्चेंजकडून त्या तारेत ४८ व्होल्ट कायम असतात आणि घंटी वाजताना त्याहून कितीतरी जास्त. मी आमच्या घरी ही पायरी गाळली होती. नव्या डब्याचं पोर्ट पहिल्याच रिंगला गेलं आणि सल्ला देणाऱ्या माणसाला बायकोकडून सल्ला ऐकावा लागला. इलेक्ट्रिशियनकडून अर्ध्या तासात होणारं काम आहे, करून घ्या.

आधी एक फोन थेट डब्याला लावून बघा. तिथे टोन आहे आणि वरच्या खोलीत नाही, तर तार कुठेतरी कुजलीय असं समजा आणि तेवढ्या खोलीपुरता एक कॉर्डलेस आणा.

खर्च करायचाच तर विजेवर करा. तांब्याच्या तारेवरचा फोन एक्स्चेंजच्या बॅटरीवर चालायचा. घरची लाइट गेली तरी आईंचा फोन लागायचा. फायबरच्या डब्याला वीज लागते. पावसाळ्यात संध्याकाळी लाइट गेली, तुम्ही राजवाड्यावर आणि आई घरी एकट्या, अशी वेळ डोळ्यांसमोर आणा. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा प्लग त्या लाइनवर घ्या. नसेल तर राउटरचा छोटा यूपीएस दीड-दोन हजारांत मिळतो. घेताना डब्याच्या अडॅप्टरवर किती व्होल्ट लिहिलंय ते बघा, बहुधा १२ असतं.

नंबरचं मात्र नीट ऐका. मोबाइलला नंबर तोच ठेवून कंपनी बदलायची सोय २०११पासून देशभर आहे, लँडलाइनला नाही. तुमचा ०७३१चा जुना नंबर केबलवाल्याकडे येणार नाही. तो नंबर गॅस एजन्सी, डॉक्टर, पुण्याची आत्या, कोणाकोणाकडे आहे त्याची यादी करा. यादी लांबली, तर हल्लीच्याच कंपनीला फायबरवर तोच नंबर देता का विचारा आणि तिथे शंभर रुपये महिना जास्त पडले तरी तिकडेच जा.

केबलवाल्याकडे गेलात तर पहिला महिना दोन्ही चालू ठेवा; तोवर नवा फोन थेट डब्याला लावा, जुनी जोडी सोडून घरभर जोडणी नंतर करा. २४० जातील, जाऊ द्या. मग जुनी लाइन लेखी अर्ज देऊन बंद करा आणि डिपॉझिटची पावती शोधून ते परत मागा. लोक हे विसरतात.

तेराव्या महिन्याचा हिशेब खरं तर चांगला आहे. ७,०६६ आगाऊ भरून ५८९ वाचतात, आणि पैसे हप्त्याहप्त्याने वसूल होत असल्यामुळे परतावा एफडीपेक्षा बराच वर जातो. पण तेरा महिने सेवा नीट चालली तरच. म्हणून पहिला महिना सुटा भरा, एखादा जोराचा पाऊस जाऊ द्या, मग वर्षाचे द्या.

आणि आईंचा बटणांचा फोन उलटा करून बघा. टी आणि पी (टोन आणि पल्स, नंबर फिरवायच्या दोन पद्धती) असं एक छोटं बटण असेल तर ते टीवर ठेवा. पीवर राहिलं तर फोन येतील, पण आईंना बहुधा लावता येणार नाहीत.