बोअरचं पाणी मचूळ झालं, आता वाडी विकावी का?

प्रश्न : भुईगावजवळ आमची पाऊण एकराची वाडी आहे. तीनशे केळी, थोडी पानवेल, बांधाला नारळ. पाच वर्षांपूर्वी बोअर मारली. आता होळीनंतर तिचं पाणी मचूळ लागतं. गेले दोन उन्हाळे टँकर घेतले, केळीचे पैसे त्यातच गेले. शेजारी इमारत उठतेय. भाऊ म्हणतो, भाव आहे तोवर देऊन टाकू. वडिलांची जुनी विहीर आहे, पावसाचं पाणी साठवायचं बावखल (वाडीतलं तळं) आहे, पण ते गाळाने भरलंय. काय करू?
– एक वाचक, वसई

उत्तर : ताई, आधी टँकर बंद करा. मे महिन्यात एका केळीला रोज पंधरा ते वीस लिटर पाणी लागतं. म्हणजे तीनशे केळींना साडेचार ते सहा हजार लिटर. दहा हजार लिटरचा टँकर जेमतेम दोन दिवस पुरतो. या भावाने कुठलीच केळी परवडणार नाही. आणि तो टँकर भरतो कुठे? आपल्यासारख्याच कुणाच्या तरी विहिरीवर.

हे मी भोगलंय. नव्वदच्या दशकात आमच्या विहिरीवर मीच टँकर भरू दिले, रोख पैसे मिळायचे. तिसऱ्या वर्षी वैशाखात केळीच्या पानांच्या कडा तव्यावर धरल्यासारख्या करपल्या. लोंगर (घड) सुटले, पण केळी बोटाएवढीच राहिली. टँकरच्या उपशाविरुद्ध लेखक-धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो आणि वसईची हिरवाई वाचवणाऱ्या हरित वसई चळवळीची माणसं बोलत होती, ते मला तेव्हा पटलं नव्हतं.

आपल्या किनारपट्टीत जमिनीखाली खाऱ्या पाण्यावर गोडं पाणी तरंगतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा एक फूट वर असेल, तर खाली साधारण चाळीस फूट गोडं पाणी असतं. उपसून ती पातळी फूटभर उतरवली की खारं पाणी हळूहळू चाळीस फूट वर सरकतं. म्हणून बोअर आणखी खोल नेऊ नका, मचूळ पाणी खारट होईल.

तुमचं खरं पाणी बावखलात आहे. पावसाचं पाणी ते धरतं, मुरवतं आणि वरून गोड्या पाण्याचा दाब टिकवतं. मे महिन्यात, पाणी तळाला गेल्यावर गाळ काढा. फक्त गाळ, खोली वाढवायची नाही. तळाला सिमेंट तर मुळीच नको. गाळ नारळाच्या आळ्यात टाका. बोअर सोडून वडिलांच्या विहिरीवर या. मोटर सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. फुटव्हॉल्व्ह (मोटरच्या पाइपचं पाणी ओढणारं तोंड) तळापासून वर उचलून बांधा. केळीला ठिबक करा, लहान शेतकऱ्याला त्यावर अनुदान मिळतं. आळ्यात पातेरा (वाळका पाला) आणि नारळाची सोडणं दाबा. पाण्यातले क्षार मोजणारं टीडीएस मीटर घ्या आणि दिवाळीनंतर दर महिन्याला आकडा वहीत लिहा. पाचशेच्या आत असेल तर निर्धास्त राहा. हजाराच्या पुढे गेला तर त्या बाजूची केळी आणि पानवेल काढून नारळ, चिकू लावा. यंदा तीनशेऐवजी दीडशेच केळी ठेवा. वाडी सावरायला दोन-तीन पावसाळे लागतील.

नळाच्या पाण्यावर वाडी जगवायचा विचार मनात आणू नका. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठीची सूर्या योजना रोज ४०.३ कोटी लिटरची आहे. ते पाणी येतं धामणी धरणातून, आणि धरण बांधलं होतं डहाणू, विक्रमगड, पालघरच्या शेतीसाठी. तिथल्या आदिवासी शेतकऱ्यांच्या तोंडचं पाणी आपल्या केळीला नको.

राहिला भाऊ. त्याला वाईट ठरवू नका. वर्षभर राबून हातात टँकरचं बिल येतं, हे त्याने पाहिलंय. नाहीच ऐकलं तर समजुतीने वाटप करा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली ते तहसीलदारांकडे संमतीने होतं. पण वाटपपत्रात विहीर, बावखल आणि तिथे जायची वाट सामाईक लिहून घ्या. त्याचा हिस्सा उद्या बिल्डरकडे गेला, तरी बावखलात भराव टाकायला तुमची सही लागली पाहिजे.